ब्रिज पिकअपचा आवाज कानाला टोचतोय? नवा पिकअप घेण्याआधी हे करून बघा

स्ट्रॅटोकास्टरच्या आकाराची गिटार, त्यावर पाच खाचांचा स्विच. स्विच गळ्याच्या बाजूला असला की आवाज कसा गोल, मऊ. तोच सगळ्यात मागे, ब्रिजकडे ढकलला की पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं काहीतरी. पहिली इलेक्ट्रिक गिटार घेतलेल्या बहुतेकांची ही तक्रार असते. माझीही होती. मी त्यावर उपाय म्हणून साडेपाच हजारांचा नवा पिकअप आणून बसवला. आवाज मोठा झाला, पण टोचायचा थांबला नाही. खरं सांगायचं तर आधीपेक्षा जास्त टोचायला लागला.

नंतर कळलं की चूक पिकअपची नव्हतीच. अर्धी चूक माझ्या फोनमधल्या ॲपच्या सेटिंगमध्ये होती आणि उरलेली अर्धी दोन स्क्रूंमध्ये. म्हणून आज ब्रिज पिकअप असा का वाजतो आणि तो जागेवर कसा आणायचा, हे मी ज्या क्रमाने करायला हवं होतं त्या क्रमाने सांगतो. समोर तीन सिंगल कॉइल पिकअपवाली गिटार आहे असं धरून चाललोय. हंबकर असेल तर कुठे फरक पडतो ते मध्येमध्ये येईलच.

चार सेंटीमीटरचा खेळ

आधी एक प्रयोग. गिटार कशालाही जोडू नका. सगळ्यात जाड तार बाराव्या फ्रेटच्या वर छेडा, मग तीच तार ब्रिजला अगदी खेटून छेडा. सूर तोच, पण दुसऱ्या वेळी आवाज बारीक आणि धारदार येतो. अजून पिकअप मध्ये आलेलाच नाही. म्हणजे हा धारदारपणा तारेतच असतो, आणि ब्रिजच्या जवळ तो उघडा पडतो. आपल्याकडे सतारीच्या किंवा तानपुऱ्याच्या ज्या भागाला घोडी म्हणतात, तोच गिटारचा ब्रिज. घोडीजवळ तार छेडली की काय होतं हे सतार हातात घेतलेल्या कोणालाही माहीत असतं.

असं का होतं? तार एकाच वेळी अनेक प्रकारे हलत असते. पूर्ण लांबीने हलते तो मूळ सूर. त्याच वेळी ती दोन भागांत, तीन भागांत, चार भागांत अशीही हलत असते, ते वरचे उपस्वर. आता स्ट्रॅटची मोकळी तार 648 मिलिमीटर लांब असते. ब्रिज पिकअप ब्रिजपासून साधारण 4 सेंटीमीटरवर असतो आणि गळ्याजवळचा पिकअप साधारण 16 सेंटीमीटरवर, म्हणजे जवळजवळ पाव लांबीवर. तार ब्रिजवर टेकलेली असल्यामुळे तिथे ती मोठे हेलकावे घेऊच शकत नाही. गणित मांडलं तर ब्रिज पिकअपच्या वर मूळ सुराचा हेलकावा गळ्याजवळच्या पिकअपच्या तुलनेत साडेतीन पटींनी लहान भरतो. वरच्या उपस्वरांचं तसं होत नाही, कारण त्यांचे भाग आखूड असतात आणि ब्रिजजवळही ते पुरेसे हलतात.

गळ्याजवळच्या पिकअपची अजून एक गंमत. तो पाव लांबीवर बसलाय. तार चार भागांत हलते तेव्हा नेमका तोच बिंदू स्थिर असतो. त्यामुळे मोकळ्या तारेचा चौथा उपस्वर त्याला जवळजवळ ऐकूच येत नाही, आठवा आणि बारावाही नाही. ब्रिज पिकअपच्या वाट्याला असा स्थिर बिंदू थेट सोळाव्या उपस्वराच्या आसपास येतो.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ब्रिज पिकअप ट्रेबल वाढवत नाही. तिथे तारेचा खर्ज मुळात कमी पोहोचतो आणि वरचं काहीच गाळलं जात नाही, एवढंच. इक्वलायझरवर नुसता बेस वाढवून हा पिकअप 'भरीव' होत नाही, फक्त गुबगुबतो. त्याचं कारण हेच आहे.

स्ट्रॅटचा ब्रिज पिकअप तिरका बसवलेला का असतो, त्याचंही उत्तर इथेच आहे. जाड तारांकडची बाजू ब्रिजपासून थोडी लांब ठेवली म्हणजे त्यांना जरा भरीवपणा मिळतो, आणि बारीक तारांकडची बाजू ब्रिजजवळ गेली म्हणजे त्या चमकतात. जिमी हेंड्रिक्स उजव्या हाताची स्ट्रॅट उलटी धरून, तारा पुन्हा नीट क्रमाने लावून वाजवायचा. त्याच्या गिटारवर हा तिरकेपणा आपोआप उलटा झाला होता. जाड तारा ब्रिजजवळ, बारीक तारा लांब. त्याच्या आवाजात याचा वाटा किती, यावर लोक आजही तासन् तास भांडतात.

हा पिकअप मुळात कोणासाठी बनला

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये लिओ फेंडर गिटार बनवायला लागला त्याआधी तो लॅप स्टील आणि ॲम्प्लिफायर बनवत होता. लॅप स्टील म्हणजे मांडीवर आडवी ठेवून, तारांवर लोखंडी दांडी सरकवत वाजवायची गिटार. तिचा आवाज उजळ, कापत जाणारा. 1950 मध्ये त्याची जी सपाट लाकडाची गिटार बाजारात आली आणि 1951 पासून जिचं नाव टेलिकास्टर झालं, तिच्या ब्रिज पिकअपमध्ये तीच चमक होती. पिकअप थेट धातूच्या ब्रिज-प्लेटमध्ये लटकवलेला. कंट्री म्युझिक वाजवणाऱ्यांना ढोल-ताशांच्या नाही तरी ड्रम आणि फिडलच्या गलक्यातून वर येणारा आवाज हवा होता, तो यातून मिळाला.

टेलिकास्टरवरचा टोन नॉब ब्रिज पिकअपवरही चालतो. 1954 मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली, तीत मात्र एक विचित्र गोष्ट होती. तीन पिकअप, तीन नॉब: एक व्हॉल्यूम, एक गळ्याच्या पिकअपचा टोन, एक मधल्या पिकअपचा टोन. ब्रिज पिकअपला टोन नॉबच नाही! ज्याला सगळ्यात जास्त गरज, तोच उघडा. आज बाजारात मिळणाऱ्या कितीतरी स्वस्त स्ट्रॅट-छाप गिटारींमध्ये हीच जोडणी जशीच्या तशी उचललेली असते. मी पहिलं वर्षभर ब्रिज पिकअपवर टोन नॉब फिरवायचो आणि 'फरक पडतोय' असं स्वतःला पटवायचो. फरक शून्य होता, कारण वायरच जोडलेली नव्हती.

टोचणं नेमकं कुठे असतं

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या वायरचे हजारो वेढे. स्ट्रॅटच्या पिकअपवर साधारण 8,000 वेढे असतात. पोलादी तार चुंबकावर हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांमध्ये वीज निर्माण होते. मायकेल फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलेलं तत्त्व, शाळेत शिकलेलं. पण वेढ्यांची ही गुंडाळी आणि गिटारची केबल मिळून एक अनुनादी सर्किट तयार होतं, म्हणजे एका ठरावीक वारंवारतेला ते जास्त जोर देतं. ब्रिज पिकअपची ओळख बरीचशी या शिखरावर ठरते.

ढोबळ हिशोब करू. स्ट्रॅटच्या पिकअपचं इंडक्टन्स सुमारे 2.5 हेन्री धरा, केबलची धारिता दर मीटरला 100 पिकोफॅरड आणि पिकअपची स्वतःची आणखी 100. तीन मीटरची केबल लावली तर शिखर येतं सुमारे 5 किलोहर्ट्झला. सहा मीटरची लावली तर 3.8 किलोहर्ट्झला. म्हणजे केबल हासुद्धा एक टोन कंट्रोल आहे, फक्त त्याला नॉब नाही.

आता दुसरी बाजू. माणसाचा कान सगळ्यात संवेदनशील असतो 2 ते 5 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. लहान बाळाचं रडणं, पाट्यावर खडूचं करकरणं आपल्याला असह्य होतं ते याच भागामुळे. आणि फोनचा इवलासा स्पीकर? त्याच्यातून खर्ज निघतच नाही, मग उरतो तोही हाच पट्टा. पिकअपचं शिखर, कानाची संवेदना आणि फोनचा स्पीकर, तिघं एकाच ठिकाणी बोट ठेवतात. फोनच्या स्पीकरवर डेमो व्हिडिओ ऐकून पिकअप निवडणं म्हणूनच फसवं आहे. निदान बरे वायरवाले हेडफोन तरी लावा.

माझ्या साडेपाच हजारांचं काय झालं तेही याच हिशोबात बसतं. मी घेतलेला पिकअप 'हॉट' होता, म्हणजे जास्त वेढे आणि सिरॅमिक चुंबक. जास्त वेढे म्हणजे जास्त इंडक्टन्स. ते 8 हेन्री धरलं तर तीन मीटरच्या केबलवर शिखर खाली येतं 2.8 किलोहर्ट्झला. मी 5 किलोहर्ट्झवरची चमक काढून टाकली आणि कानाच्या सगळ्यात नाजूक जागेवर नवं शिखर आणून ठेवलं. वर आवाजही मोठा! टोचणार नाही तर काय होईल?

'हॉट पिकअप म्हणजे जाड आवाज' हा समज अगदीच खोटा नाही. पिळदार डिस्टॉर्शन हवं असेल तर तो उपयोगी असतो, वरची किरकिरही तो कापतो. पण माझी तक्रार वेगळी होती आणि औषध वेगळं घेतलं.

आधी फोन तपासा

तुमच्यापैकी बरेच जण ॲम्प न घेता फोनवरच वाजवत असणार. मीही तेच करायचो. इथे दोन चुका सर्रास होतात.

पहिली, गिटार एखाद्या साध्या अडॅप्टरने फोनच्या माइकच्या इनपुटला जोडणं. ते इनपुट हेडफोनच्या छोट्या माइकसाठी असतं, त्याचा रोध काही हजार ओमच असतो. पिकअपला लागतं उलट. त्याच्यापुढचं इनपुट 10 लाख ओमच्या, म्हणजे 1 मेगाओमच्या घरातलं हवं. नाहीतर पिकअपचं ते शिखर दबून जातं, आवाज मेलेला आणि बारका येतो. मग आपण ॲपमध्ये ट्रेबल आणि गेन चढवतो, आणि गिटारच्या चमकीऐवजी नुसता खरखराट वर येतो. यूएसबीवर चालणारा साधा ऑडिओ इंटरफेस घ्या, त्यावर 'इन्स्ट्रुमेंट' किंवा 'हाय-झी' लिहिलेलं इनपुट असतं, तेच वापरा. बटण असेल तर ते चालू आहे ना बघा.

दुसरी चूक माझी. ॲम्पच्या ॲपमध्ये एक साखळी असते: पेडल, ॲम्प, आणि शेवटी 'कॅबिनेट' किंवा 'कॅब'. मला वाटलं हा शेवटचा डबा म्हणजे उगाच आवाज डब्यात घालणारा काहीतरी, म्हणून मी तो बंद करून ठेवला. किती मोठी चूक! गिटार ॲम्पचा 12 इंची स्पीकर घरच्या स्पीकरसारखा नसतो. साधारण 5 किलोहर्ट्झच्या वर तो झपाट्याने खाली येतो. डिस्टॉर्शनने जी कर्कश भर वरच्या भागात पडते ती हा स्पीकर गाळून टाकतो, आणि सत्तर वर्षं रेकॉर्डवर आपण ऐकतोय तो गिटारचा आवाज त्या गाळणीतून आलेलाच आहे. कॅब बंद केला की गाळणी गेली. मग राहते डासासारखी गुणगुण, आणि ब्रिज पिकअपवर तर विचारूच नका.

मला हे कळलं ते एका मित्राच्या सरावाच्या खोलीत. त्याची गिटार माझ्याचसारखी, पिकअपही कारखान्यातून आलेला तोच, पण समोर खरा 12 इंची स्पीकर होता. स्विच ब्रिजवर टाकला आणि मी जो आवाज वर्षभर शोधत होतो तो तिथे आयता उभा. घरी आल्यावर ॲपमधला कॅब चालू केला. पुढचं पाऊण तास मी फक्त वाजवत बसलो, पिकअपच्या पावतीकडे न बघता.

ब्लूटूथ इअरफोन मात्र लावू नका. त्यांच्या उशिरामुळे छेडल्यावर आवाज मागाहून येतो आणि हात बिचकतो. फोन चार्जिंगला लावून वाजवत असाल आणि गुणगुण येत असेल, तर चार्जर काढून बघा. सिंगल कॉइल पिकअप आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या विजेची घरघरही पकडतो. त्यावर तोडगा म्हणून गिब्सनच्या सेथ लव्हरने उलट-सुलट गुंडाळीची दोन कॉइल्स जोडून हंबकर बनवला, तो 1957 पासून गिटारींवर आला. दोन कॉइल्समुळे घरघर एकमेकांत कटते, पण तार जरा रुंद पट्ट्यात वाचली जाते आणि इंडक्टन्सही वाढतं, म्हणून त्याचा ब्रिज आवाज जाड आणि कमी काचेरी असतो.

दोन स्क्रू आणि तीन एटीएम कार्डं

आता पिकअपची उंची. पिकअपच्या दोन टोकांना दोन स्क्रू असतात. ते फिरवले की पिकअप वर-खाली होतो. दुकानात बसवून आलेली गिटार असेल तर हे अंतर कोणी मोजलेलं असेलच असं नाही. माझ्या गिटारवर बारीक तारेखाली पिकअप 1 मिलिमीटरवर आला होता. मीच वर केला होता, 'जास्त ताकद मिळेल' म्हणून.

जाड ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या चुंबकापर्यंत अंतर मोजा. मग तसंच बारीक ई तारेवर. जुन्या धाटणीच्या सिंगल कॉइल्ससाठी फेंडर जाड बाजूला साधारण 2.4 आणि बारीक बाजूला 2 मिलिमीटर सांगते. हंबकर असेल तर गिब्सन ब्रिजवर दोन्हीकडे साधारण 1.6 मिलिमीटर सांगते. सुरुवात इथून करा. हे अंतिम सत्य नाही, पण निघायला ठीक आहे.

मोजपट्टी नीट बसत नाही म्हणून एक जुगाड. एटीएम कार्डाची जाडी 0.76 मिलिमीटर ठरलेली असते, तीन कार्डं एकावर एक म्हणजे साधारण 2.3 मिलिमीटर. उठावाचे आकडे नसलेली सपाट कार्डं घ्या. आणि बाद झालेलीच घ्या! पिकअपमध्ये चुंबक आहे, चालू कार्डाची काळी पट्टी बिघडू शकते.

त्यानंतर कानाने. एका वेळी पाव फेरा. बारीक तारांकडची बाजू खाली घ्या, एखादा कॉर्ड वाजवा, ऐका, परत पाव फेरा. माझ्या गिटारवर बारीक बाजू 1 वरून 2.5 मिलिमीटरवर नेली तेव्हा टोचणं जवळजवळ निम्मं झालं, कारण पहिल्या दोन तारा जो चाबकासारखा फटका मारत होत्या तो गेला. आवाज थोडा लहान होतो, तो ॲम्पवर वाढवता येतो. गळ्याचा पिकअप ब्रिजपेक्षा फार मोठा वाटत असेल तर ब्रिज वर आणू नका, गळ्याचा खाली न्या. सगळेच पिकअप तारांना चिकटवण्याची शर्यत लागली की कोणाचाच आवाज नीट राहत नाही. चुंबक फार जवळ आले तर ते तारांनाच ओढतात आणि सूर डगमगतात.

नॉब फिरवायला कुठे पैसे पडतात

व्हॉल्यूम दहावर आणि तिथेच सोडून द्यायचा, ही सवय आपल्यात फार. ब्रिज पिकअपवर तो सातपर्यंत खाली आणा. बहुतेक साध्या गिटारींमध्ये व्हॉल्यूम कमी केला की वरचा भागही थोडा गळतो, कारण वाढलेला रोध आणि केबलची धारिता मिळून तो गाळतात. हा दोष मानला जातो, काही गिटारींमध्ये तो टाळायला वेगळा कपॅसिटर बसवलेला असतो. पण टोचणाऱ्या ब्रिज पिकअपसाठी हा दोष म्हणजे वरदान आहे. डिस्टॉर्शनही थोडं सावरतं. एडी व्हॅन हेलनच्या 1978 च्या पहिल्या अल्बमवरच्या प्रसिद्ध गिटारला फक्त ब्रिज हंबकर आणि एकच नॉब होता, व्हॉल्यूमचा. गंमत म्हणजे त्या नॉबवर 'टोन' असं छापलेलं होतं.

आता ती न जोडलेली टोनची वायर. जुन्या पद्धतीच्या लांब, उघड्या पाच खाचांच्या स्विचवर टोन नॉबच्या बाजूला गळ्याचा, मधला आणि ब्रिजचा असे तीन वेगवेगळे पाय असतात. तिथे ब्रिजचा पाय रिकामा असतो. मधल्या पायापासून ब्रिजच्या पायापर्यंत वायरचा छोटा तुकडा सोल्डर केला की शेवटचा टोन नॉब ब्रिजवरही चालायला लागतो. बास, एवढंच काम आहे. खर्च म्हणाल तर चहा-वड्याइतका. पण करण्याआधी फोनवर आतल्या वायरिंगचे चार फोटो काढून ठेवा. चौकोनी डब्यासारखा बंद स्विच असेल तर पायांचा क्रम वेगळा असतो, तिथे अंदाजाने सोल्डर करू नका, गिटार दुरुस्त करणाऱ्याला दाखवा. काही नव्या मॉडेलांत हे आधीच केलेलं असतं. आधी तपासा: ब्रिजवर स्विच, एकच तार छेडत राहा, एकेक नॉब शून्यावर न्या. आवाज अंधारतो का बघा.

टोन सहा-सातवर ठेवला तर आवाज 'बंद' होत नाही, फक्त ते शिखर दबतं. कपॅसिटर 0.022 आहे की 0.047 मायक्रोफॅरड, यावर दुकानात मोठी चर्चा होते. खरं तर तो फरक नॉब शून्याजवळ नेला तरच नीट ऐकू येतो. नॉबमागच्या पॉटेन्शिओमीटरचा फरक जास्त मोठा. सिंगल कॉइल्सबरोबर सहसा 250 किलोओम, हंबकरबरोबर 500. ब्रिजवर हंबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल्स असलेल्या गिटारींमध्ये अनेकदा 500 असतो, त्यामुळे सिंगल कॉइल्स जास्तच उजळ वाटतात. पॉट बदलणं नव्या पिकअपपेक्षा खूप स्वस्त पडतं.

हात विसरू नका. पिकअप ब्रिजचा असला तरी पिक ब्रिजजवळच मारायला हवा असं कुठे आहे? हात दोन बोटं गळ्याकडे सरकवा. पातळ पिकच्या जागी जरा जाड, गोल टोकाचा घ्या. आणि पावसाळ्यात गंजलेल्या तारांवर पिकअपची परीक्षा घेऊ नका, त्या आधीच मेलेल्या असतात. अगदी कोऱ्या तारांवरही नको, पहिले दोन दिवस त्या उगाचच झणझणतात.

घरी छान, बँडमध्ये गायब

हा भाग मला सगळ्यात महाग पडला, पैशाने नाही तर लाजेने. घरी हेडफोनवर मी ब्रिज पिकअप इतका मऊ करून ठेवला की ऐकताना मजा यायची. कॉलेजच्या कार्यक्रमात तोच आवाज घेऊन उभा राहिलो. बेस गिटारची जाड तार 41 हर्ट्झला, माझी 82 ला, वर कीबोर्डवाल्याचा डावा हात, ड्रमचा किक. मी जो भरीवपणा घरी कमावला होता तो सगळा या गर्दीत बुडाला. समोर बसलेल्या बहिणीने नंतर विचारलं, "तुझी गिटार बंद पडली होती का रे?"

म्हणून ब्रिजचा आवाज एकट्याने ठरवू नका. फोनवर एखादा ड्रम आणि बेसचा बॅकिंग ट्रॅक लावा, त्याच्यावर वाजवा, आणि गिटार कष्टाने नाही तर सहज ऐकू येईल इतकाच तिखटपणा ठेवा. एकट्याने वाजवताना तो किंचित जास्त वाटेल, वाटू द्या. ॲम्पवर बेस कमी, मिड जरा वर, ट्रेबल मधल्या काट्याच्या खाली, ही माझी सुरुवातीची जागा. स्पीकरमधून वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. ॲम्प पायाजवळ ठेवला तर तुमच्या कानाला ते पोहोचत नाहीत, तुम्ही ट्रेबल चढवता, आणि समोर बसलेल्याच्या कपाळात खिळा जातो. ॲम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता ठेवा, म्हणजे तोंड तुमच्या डोक्याकडे राहील.

कानावर विश्वास नसेल तर फोनला साक्षीला घ्या. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात बनलेलं 'फायफॉक्स' हे मोफत ॲप फोनच्या माइकवरून आवाजाचा स्पेक्ट्रम दाखवतं. फोन ॲम्पसमोर एकाच जागी ठेवा, तोच कॉर्ड गळ्याच्या आणि ब्रिजच्या पिकअपवर वाजवा. वर सांगितलेली 2 ते 5 किलोहर्ट्झची टेकडी डोळ्यांनी दिसते. उंचीचा स्क्रू फिरवण्याआधी आणि नंतरचं रेकॉर्डिंग करून ठेवा. मित्राला फायलींची नावं बदलायला सांगा आणि न बघता ओळखा. दोनदा माझं असं झालं की जो बदल 'जमीन-अस्मान' वाटत होता, तो मला ओळखताच आला नाही.

तरीही पिकअप बदलायचाच असेल तर

कधीकधी खरंच बदलावा लागतो. पिकअप शिट्टी मारतो, एखाद्या तारेला आवाजच नाही, किंवा तुम्हाला मेटल वाजवायचंय आणि सिंगल कॉइलवर घरघर सोसवत नाही. तेव्हा डब्यावरचा रोध बघून 'जितके किलोओम तितकी ताकद' असं ठरवू नका. स्ट्रॅटचा साधा पिकअप 6 किलोओमच्या आसपास, जुन्या हंबकरसारखे 7 ते 9, हॉट म्हणवणारे 13 ते 16. पण वायर जास्त बारीक घेतली तर वेढे तितकेच राहूनही रोध वाढतो. इंडक्टन्स दिलेलं असेल तर ते बघा, म्हणजे शिखर कुठे पडेल त्याचा अंदाज येतो. चुंबकांत अल्निको 2 जरा सैल आणि मऊ, अल्निको 5 घट्ट आणि उजळ, सिरॅमिक जोरकस. आणि शरीरात त्या आकाराचा खड्डा आहे का ते आधी बघा, सिंगल कॉइलच्या जागी पूर्ण हंबकर लाकूड न कोरता बसत नाही.

माझा तो साडेपाच हजारांचा पिकअप मी काढला आणि कारखान्याचाच परत बसवला. आता बारीक बाजू 2.5 मिलिमीटरवर, टोन सातवर, व्हॉल्यूम आठवर, आणि सहा मीटरची केबल. हॉट पिकअप अजून कपाटात आहे. एका मित्राला मेटल बँडसाठी हवाय, त्याने दोन हजार म्हटलंय, मी तीनवर अडून बसलोय.